मोडीचा भाव

कणकवलीच्या बाजारपेठेत गुरुदास नेवग्याचं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा गुरुदासला राग येतो. गिऱ्हाईक आलं तरी राग, नाही आलं तरी राग. आलेली बाई कुकरचं झाकण शंभरदा उघडून-लावून बघते म्हणून राग, आणि न आलेल्या बाईने मोबाइलवरून मागवलं असणार म्हणून राग. हायवेचा पूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या, तेव्हा तो पूल खास आपल्या धंद्यावर उठलाय असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. माणूस मुळातच कडू. कारल्याला निदान मीठ चोळून ठेवता येतं, याला काय चोळणार?

पण कुणी पिशवीतून जुनं तांबं-पितळ घेऊन आलं, की हाच गुरुदास गोड व्हायचा. बाकड्याकडे बोट दाखवायचा, पाणी विचारायचा, गावाकडे पाऊसपाणी कसं म्हणून चौकशी करायचा. ओळखीचे लोक तेव्हाच सावध व्हायचे. अनोळखी बिचारे त्याला सज्जन समजायचे आणि घरी जाऊन तसं सांगायचेही.

आमच्याकडे मोड म्हणजे दोन गोष्टी. शंभराची नोट देऊन सुटे मागितले तर ती मोड, आणि फुटकं भांडं देऊन नवं घेतलं तर तीही मोड. गुरुदासच्या दुकानात या दोन्ही मोडी एकाच तागडीत येऊन पडायच्या. लोक माळ्यावरचं सगळं झाडून आणायचे. हंडा, घंगाळ, चेपलेली परात, आणि तळाशी कुठेतरी आज्याच्या वेळची चार नाणी. तांब्याचं नाणं तांब्यातच तोलायचं. आणणाऱ्याला नव्या स्टीलच्या डब्याची घाई, त्यामुळे तो बघायचा नाही. गुरुदास बघायचा.

पहिलं घबाड त्याला असंच लागलं. बाप जिवंत होता, दुकानावर बापाचंच राज्य होतं. वरच्या अंगच्या गावातला एक शेतकरी तांब्याचं झाकण घेऊन आला. झाकणाची मूठ कधीतरी तुटली असणार, आणि कुणा कल्हईवाल्याने तिच्या जागी एक नाणं उभं करून डाग देऊन बसवलं होतं. बापाने झाकण तोललं, पैसे दिले, माणूस गेला. गुरुदासने ते झाकण मागच्या खोलीत नेलं आणि नाणं सोडवलं. चांदीचं निघालं. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाचं दाढीवालं मुंडकं. कोल्हापूरच्या नाणेप्रदर्शनात एका माणसाने त्याच्यासाठी जी रक्कम मोजली, ती ऐकून बाप दोन दिवस जेवला नाही. बापाचं म्हणणं, त्या शेतकऱ्याला शोधून अर्धे पैसे द्यावेत. गुरुदासचं म्हणणं, झाकण आपण घेतलं, मूठही त्यातच आली. त्या दिवसापासून बाप-लेकाचं जे फाटलं, ते बाप जाईपर्यंत शिवलं गेलं नाही.

मग छंद म्हणा, व्यसन म्हणा, नाणी त्याच्या डोक्यात बसली. आणि नाण्यांपेक्षा जास्त बसला तो स्वस्तात मिळाल्याचा आनंद. दुकानात रीतसर किंमत देऊन घेतलेलं नाणं त्याला बघवत नसे. समोरच्याला काय दिलं ते कळता कामा नये, ही खरी मजा. त्यासाठी त्याने स्वतःचा चेहरा तयार केला होता. कितीही मोलाची वस्तू समोर येवो, डोळा मोठा होणार नाही, हात पुढे जाणार नाही, आवाज चढणार नाही. आधी जांभई द्यायची, मग दुसरंच काहीतरी उचलून त्याला नावं ठेवायची, आणि जे हवं ते शेवटी कंटाळून घ्यायचं.

आंगणेवाडीच्या जत्रेत त्याने हे काम किती सफाईने केलं, ते तो स्वतःच सांगायचा. खेळण्यांच्या रांगेत एक परगावचा माणूस ताटात नाणी मांडून बसला होता. सगळी बनावट. राम-सीतेची, हनुमानाची, पितळेत ओतलेली, 'प्राचीन' म्हणून विकायची. आणि त्या खोट्यांच्या ढिगात एक खरं, सुरतेकडचं, चांदीचं. विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. गुरुदासने राम-सीतेचं नाणं उचललं आणि त्याच्यावरून असं भांडण काढलं की माणसं जमली. तू देवाच्या नावावर लुटतोस, पोलिसांत देतो, वगैरे. घाबरून त्या माणसाने भाव निम्म्यावर आणला. "आणि ह्यावर काहीतरी वरकड दे," म्हणत गुरुदासने ते चांदीचं उचललं आणि खिशात टाकलं. राम-सीतेचं नाणं पुढच्याच भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकून दिलं. आपण दानधर्मही केला, असं तो वर हसून सांगायचा. ऐकणारे हसायचे. मागाहून त्यांना आपण का हसलो याची लाज वाटायची.

त्याचा एकच मित्र होता, मंगेश आजगावकर. तहसील कचेरीतला कारकून, तोही नाण्यांचा वेडा. दोघं एका मोटरसायकलवरून गावोगाव हिंडायचे. ठरलेलं होतं, जे मिळेल त्यात दोघांची वाटणी. विजयदुर्गला एका घरात जुनी नाणी आहेत असं मंगेशला कळलं. मंगेश माणूस बोलघेवडा. तो पुढच्या ओटीवर यजमानांशी किल्ल्याच्या गप्पा मारत बसला, अगदी आरमारापासून सुरुवात केली. विश्वास बसल्याशिवाय नाण्यांचा विषय काढायचा नाही, ही त्याची पद्धत. तेवढ्यात गुरुदास पाणी मागायला म्हणून मागीलदारी गेला. तिथे घरची सून भांडी घासत होती. गाडीवरून काढून आणलेल्या पिशवीतून त्याने एक चकचकीत पोळ्यांचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. पुढे ओटीवर मंगेशचं आरमाराचं सांगून होतं न होतं, तो मागे सगळा व्यवहार आटपला होता. यजमानांनी शेवटी नाण्यांची पुरचुंडी आणायला सांगितली, तेव्हा सून रडायला लागली आणि मंगेशला काय झालं ते कळलं.

परतताना मंगेश त्याच्या गाडीवर बसला नाही. एसटीने आला. वाटणी मागितली नाही, आणि गुरुदासने दिलीही नाही. पण त्यानंतर कणकवलीत मंगेश आजगावकर जिथे बसेल तिथे गुरुदासच्या नावाने शिमगा करायचा. "नेवग्याकडे मोड घालायची तर आधी अंगावरचे दागिने घरी ठेवून जा," असं कचेरीत आलेल्या बायाबापड्यांना सांगायचा. गुरुदासही काही कमी नव्हता. आजगावकर सातबाऱ्याला चहापाणी घेतो, असं त्याने अख्ख्या बाजारात पसरवलं. घेत नव्हता, हे गुरुदासला पक्कं ठाऊक होतं.

घरी तरी काय वेगळं? बायको सत्यवती. लग्न झाल्यावर तिने एकदा विचारलं, की कपाटातली ही नाणी केवढ्याची? गुरुदास म्हणाला, "मोड आसा ती." खरं सांगितलं तर ही माहेरी बोलेल, माहेरचे बाजारात बोलतील आणि लोक शहाणे होतील. मोडच आहे म्हटल्यावर त्या माउलीने दिवाळीच्या आदल्या दिवशी पाच-सहा शिवराया, म्हणजे शिवकाळातली तांब्याची नाणी, काढल्या आणि आमसुलाच्या पाण्यात टाकून लखलखीत घासल्या. लक्ष्मीपूजनाच्या ताटात शोभून दिसतील म्हणून. आता नाण्यांतलं ज्यांना कळतं त्यांना ठाऊक आहे, की जुन्या तांब्यावरचा तो तपकिरी रंग हीच त्याची कातडी. आमसुलाने ती सोलून निघते, आणि सोललेलं नाणं कुणी हातात धरत नाही. गुरुदास ओरडला नाही. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. सत्यवतीने शेवटी काय ते समजून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या तोंडार काय दिसणा नाय ह्या बरा. दिसला असता तर मी कधीच म्हायेराक गेली असतंय."

एक नाणं मात्र त्याला कधी मिळालं नव्हतं, आणि त्यापायी तो जळत होता. शिवराई तशी ढिगाने मिळते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण त्याच्या मोबाइलवरच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी एका शिवराईचा फोटो टाकला होता. साचा कोरणाऱ्याच्या हातून 'राजा'मधला ज उलटा पडलेला, आरशात दिसतो तसा. ग्रुपवर एकच गोंधळ उडाला. कुणी म्हणे खोटा, कुणी म्हणे असा एखादाच. लिलावात त्याच्यावर जी बोली लागली, तिच्यात आमच्या गावी माणूस चांगल्या दोन खोल्या बांधेल. तेव्हापासून मोडीत आलेली प्रत्येक शिवराई गुरुदास भिंगाखाली धरायचा आणि फक्त ज बघायचा. सरळ असला की शिवी हासडून टोपलीत फेकायचा. मंगेशही त्याच उलट्या जच्या मागे आहे हे त्याला माहीत होतं. देवाकडे त्याचं एकच मागणं होतं. मला नाही मिळालं तर नाही, पण त्याला मिळू नये.

यंदाच्या वैशाखात, भर दुपारी, वीज गेलेली, बाजार ओस, आणि मसुऱ्याच्या मथुराकाकी दुकानात आल्या. काळ्या, हाडकुळ्या, सत्तरी गाठलेल्या. डोक्यावर तांब्याचा हंडा, हातात पिशवी. हंडा दाणकन खाली ठेवला आणि बस म्हणण्याआधी बाकड्यावर बसल्या.

"तुझ्या बापाशीन माझ्या लग्नाची भांडी दिल्यान," मथुराकाकी म्हणाल्या. "तेच्या नावार इलंय. तुझ्या नावार नाय."

गुरुदासने ते गिळलं. पाणी विचारलं. नको म्हणाल्या. त्याने हंडा तोलला, भाव सांगितला. काकींनी मान हलवली आणि हंड्याच्या गळ्यावर कोरलेल्या नावावर बोट ठेवलं. "ह्या माझ्या सासूचा नाव. माझ्यासमोर मोड."

ही त्या दुकानातली बापाच्या वेळची रीत. भांड्यावर घरातल्यांची नावं घातलेली असतात. आपल्या सासूच्या नावाचा हंडा उद्या कुणाच्या तरी चहाच्या टपरीवर पाणी भरायला जावा, हे कुणाला रुचेल? म्हणून मोड घेताना भांड्यावर गिऱ्हाईकासमोर घण घालायचा. भांडं मोडलं की नावही मोडलं, मग ते नुसतं तांबं. गुरुदासला हे थेर वाटायचे, पण मागणाऱ्याला नाही म्हणता येत नसे. त्याने ऐरणीवर हंडा आडवा केला आणि दोन घाव घातले. काकी बघत राहिल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक नाणं गल्ल्यावर ठेवलं.

"आणि ह्या?"

गुरुदासने बघितलं. श्री. राजा. शिव. आणि तो ज उलटा होता.

भिंगाची गरज नव्हती. आमसूल कधी लागलेलं नव्हतं, पाण्याचा डाग नव्हता, कडा शाबूत.  इतक्या वर्षांचा त्याचा चेहरा त्या क्षणी कामी आला. त्याने जांभई दिली. नाणं उचललंही नाही, बोटाने जरा सरकवलं.

"शिवराई. रानात शेणी गावतत तशी गावता ही," तो म्हणाला. "तांब्यात धरतंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मोड."

"मोड?"

"मोड."

"मगे मोड," मथुराकाकी म्हणाल्या, आणि बोटाने घण दाखवला.

गुरुदासला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. तो हसला. "काकी, भांड्यार नाव असता म्हणान मोडतत. नाण्यार कोणाचा नाव?"

"माझ्या देवाऱ्यातला ता. सासू रोज तेका हळद-कुंकू वायची. दुसऱ्याच्या घरात जावचा नाय. मोड म्हणतस मा? मगे घाल घण."

गुरुदासने दुसरी वाट काढली. तो धूर्त होता, गडबडून जाणारा नव्हता. आत्ता नाणं तिच्याच घरी राहू दे, महिन्याभराने मसुऱ्याला जाऊन कसंही उपटता येईल. "देवाचा आसा तर कित्याक मोडतास?" तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "घरी न्हेवन ठेवा देवाऱ्यात. माका तरी तेचा काय करूचा?"

काकींनी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "आजगावकर ह्याच म्हणालो होतो."

"कोण?"

"कचेरीतलो मंगेश आजगावकर. जत्रेक आमच्याकडे जेवूक होतो. माझ्या घोवाच्या नात्यातलो. तेका म्हटलंय, सासूचा एक नाणा आसा, पण तेव्हा तिणा खंय ठेवल्यान ता गावाक नाय. तो म्हणालो, गुरुदास जेका मोड म्हणतलो, ता तेका तुमच्यासमोर मोडूक सांगा. मोडल्यान तर ती मोड. हात आखडलो, तर उचला आणि तशेच माझ्याकडे येवा." काकींनी नाण्यावर तळहात ठेवला. "माका तोय बरो दिसणा नाय आणि तूय नाय. तो म्हणता तू चोर, तू म्हणतस तो पैसे खाता. म्हणान पयली तुझ्याकडे इलंय, तुझ्या बापाशीचा नाव होता म्हणान. आता सांग. मोडतस, की मी कचेरीत जावू?"

कचेरी चार पावलांवर. मंगेश तिथे टेबलाशी बसलेला असणार, समोर चहा, खिशात भिंग. हे नाणं त्याच्या हातात पडलं की तो काकींना बक्कळ पैसे देईल, गावभर पेढे वाटेल, ग्रुपवर फोटो टाकेल, आणि मरेपर्यंत सांगत सुटेल की नेवग्याच्या दुकानातून सुटून आलं. गुरुदासच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. खरं सांगायचं म्हटलं, तरी नाणं जातंच. भाव वाढवून द्यायचा म्हटलं, तर पहिल्या रुपयालाच बाई ओळखणार. आयुष्यभर त्याने एक गोष्ट सांभाळली होती, की आपल्याला काय हवं ते समोरच्याला कळता कामा नये. आता तीच त्याच्या उरावर बसली.

त्याने नाणं ऐरणीवर ठेवलं. ज वर होता. घण उचलला आणि घातला.

एका घावात ते नुसतं पसरलं. काकी म्हणाल्या, "आणखी." त्याने दुसरा घातला. अक्षरं गेली, कडेला चीर पडली, आणि उलटा ज होता तिथे गुळगुळीत तांबं राहिलं. गुरुदासचा चेहरा तसाच होता. आत मात्र हळहळीतही एक आसुरी समाधान होतं, की मंगेशला मिळालं नाही. आता नाहीच मिळणार. त्याने तो तुकडा उचलून हंड्याच्या तांब्याबरोबर तागडीत टाकला आणि आकडा सांगितला.

मथुराकाकींनी मोठा श्वास सोडला. इतका वेळ ताठ बसलेली बाई जराशी सैल झाली, भिंतीला टेकली.

"तुका खोटा कशाक सांगू," त्या म्हणाल्या. "एसटीत बसल्यापास्ना तुका चोर म्हणत इलंय. लोकांचा ऐकान माणसाक उगाच नावा ठेवली. पाणी दी आता."

गुरुदासने पाणी दिलं. काकी सगळा तांब्या प्यायल्या. मग त्यांनी पिशवी ओढली आणि आतून एक छोटा गडवा काढला. तोंडाला लाल फडकं बांधलेलं, सुतळी आवळलेली.

"सासू माझी चिकट. गडव्याक कोणाक हात लावूक देयना," त्या सुतळी सोडत म्हणाल्या. "परवा देवघर पाडूक काढला तेव्हा गावलो. म्हटलंय आधी एक देवन बघूया. चोर असलो तर सगळाच जायत. आता भरवसो बसलो." आणि त्यांनी गडवा ऐरणीशेजारी उपडा केला.

शिवराया खळकन पडल्या. आठ असतील, दहा असतील, गुरुदासने मोजल्या नाहीत. एकाच टांकसाळीतून, एकाच हातून, एकाच दिवशी निघाल्यासारख्या. एक पालथी, एक उताणी, एक कडेवर उभी राहून हळूच पडली. जेवढ्या उताण्या होत्या, त्या प्रत्येकीवर ज उलटा होता.

"फोड ही सगळी," मथुराकाकी म्हणाल्या. "आणि भाव लाव. माका पेज करूक एक मोठो टोप व्हयो."

गुरुदासने घण उचलला. कुणाला वाटेल, इथे त्याला पश्चात्ताप झाला असेल. तसलं काही झालं नाही. त्याच्या मनात आधी हेच आलं, की सगळी फोडून टाकावी, म्हणजे मंगेशला एकही नाही. हे त्याला पटलंही होतं. पण हात खाली येईना. घण खांद्याच्या वर, डोळे खालच्या नाण्यांवर, आणि हात खाली येईना. माया म्हणा, लोभ म्हणा, त्याच्या बाबतीत दोन्हींत फार फरक नव्हता.  त्याने घण बाजूला ठेवला.

"ही फोडू नये," तो म्हणाला.

"कित्याक?"

गुरुदासने एक पालथी शिवराई बोटाने उताणी केली.

"कित्याक रे?"

"ही मोड नाय काकी. ह्येंची किंमत आसा. खूप."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी टेंपो चालू करत होतं, तो होईना. मथुराकाकी उठल्या. तागडीजवळ आल्या आणि तो चपटा तुकडा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ बघितला. मग खालची एक शिवराई उचलून दुसऱ्या हातात धरली. एकदा ह्या हाताकडे, एकदा त्या हाताकडे.

"ह्येतूर आणि तेतूर काय फरक होतो?" त्यांनी विचारलं.

"काय नाय."

"तुका तेव्हा ठावक होता?"

गुरुदासचा चेहरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडा पडला. उत्तर द्यायची गरज उरली नाही. काकींनी तुकडा ऐरणीवर ठेवला. वाकून एकेक नाणं वेचलं, गडव्यात टाकलं, वर फडकं बांधलं. गाठ दातांनी आवळली.

"काकी, मी घेतंय," गुरुदास म्हणाला. आवाज चढला होता, आणि तो त्याला आवरता येत नव्हता. "आजगावकर देयत तेच्या दुप्पट देतंय. तुमीच सांगा, सांगशात तितके. हयच बसा, मी बँकेत जावन येतंय. देवाशप्पत देतंय."

"तू दुप्पट देतलस, पण एकपट किती ता माका कोण सांगतलो?" काकी म्हणाल्या. "तूच मा?"

 काकींनी हंड्याच्या मोडीचे तेवढे पैसे मागून घेतले, नीट घडी करून ब्लाउजात ठेवले. टोप घेतला नाही. गडवा पिशवीत घातला, पिशवी काखेत धरली.

"आजगावकर आता कचेरीत असतलो?"

"असतलो," गुरुदास म्हणाला. "जेवणाची सुट्टी सरली."

काकी पायरीपर्यंत गेल्या आणि वळल्या. गुरुदासच्या हातात तो चपटा तुकडा होता. केव्हा उचलला, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"ता तुझा," त्या म्हणाल्या. "पण तेचे पैसे नाय दिलस. हंड्याचेच दिलस." आणि हात पुढे केला. "तूच सांगलस तो भाव दी. मोडीचो."

गुरुदासने गल्ला उघडला, दहाचं नाणं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मथुराकाकींनी ते दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघितलं, पदराला गाठ मारली आणि कचेरीच्या रस्त्याला लागल्या.